तीन फुग्यांच्या वाऱ्यावरून हवा वर चाललीय का खाली, हे काढता येतं का? माझा ओमेगा (हवेची उभी गती) वरच्या टोकाला शून्य होत नाही

वाऱ्याची_वही:

नमस्कार. मी वातावरणशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव उदगीर. घरी सोयाबीन आहे. जुलैत आठ-आठ दिवस आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि थेंब न पडता सगळं पुढे निघून जातं. वडील विचारतात, वर नेमकं काय चाललंय गं? म्हणून प्रकल्पाला हाच विषय घेतला: मराठवाड्यावरची हवा मोठ्या पट्ट्यात वर चढतेय का खाली बसतेय, आणि किती वेगाने.

आधी एक ओला आठवडा घेतला. सांताक्रूझ, नागपूर आणि हैदराबाद या तिन्ही ठिकाणी सकाळ-संध्याकाळ साडेपाचच्या सुमाराचे रेडिओसाँड (फुग्याला बांधून वर सोडलेल्या उपकरणाच्या नोंदी) मिळतात. हा त्रिकोण सुमारे १ लाख ३० हजार चौरस किलोमीटरचा आहे आणि मराठवाडा बराचसा त्यात बसतो. प्रत्येक ५० हेक्टोपास्कलला (हा हवेचा दाब, वर जाऊ तसा कमी होतो) तिन्ही ठिकाणचा वारा घेऊन डायव्हर्जन्स (हवा बाहेर पसरतेय का आत गोळा होतेय त्याचं माप) काढला आणि ९५० पासून १०० हेक्टोपास्कलपर्यंत १७ थरांची बेरीज करत ओमेगा काढला, उणे म्हणजे हवा वर. आठवड्याच्या सरासरीत ५०० ला −०.३१ पास्कल प्रतिसेकंद येतो, म्हणजे हवा सेकंदाला साधारण ५ सेंटिमीटर वर. इथवर ठीक वाटलं. पण १०० ला −०.३६ उरतो. तिथे हवा विरळ असल्यामुळे त्याचे २० सेंटिमीटर प्रतिसेकंद होतात. म्हणजे हवा स्ट्रॅटोस्फिअरमध्ये (पावसाच्या ढगांच्या वरच्या थरात) घुसत चाललीय, आणि तीही आठवडाभर! मार्गदर्शक म्हणाले, वरचा भाग गाळून टाक आणि ५०० पर्यंतच दाखव. मला ते पटत नाहीये. वर चूक आहे तर ती खालीही असणारच ना?

आणखी एक शंका आहे. रेडिओसाँडचा फुगा दर मिनिटाला किती चढला ते डेटात असतं. तो कुठे जोरात चढतो, कुठे हळू. त्यावरून हवेची उभी गती थेट काढता येणार नाही का?

सह्याद्री_१२:

ERA5 उतरवून घे की, नोंदी आणि मॉडेल एकत्र करून बनवलेला जगभरच्या हवामानाचा तयार डेटा. त्यात उभी गती पास्कल प्रतिसेकंदात तयार मिळते, तासातासाची, पाव अंशाच्या जाळीवर, ३७ दाबपातळ्यांना. त्रिकोणाची सरासरी पाच मिनिटांत निघेल. हाताने कशाला करायचं?

निवृत्त_निरीक्षक:

वाऱ्याची वही, तुला अरे-तुरे करतो, माझी नात तुझ्याच वयाची असेल. तुझी शंका बरोबर आहे. वरचा भाग गाळू नकोस. ती २० सेंटिमीटरची चूक हीच तुझ्या हातातली सगळ्यात खरी माहिती आहे.

मी १९७४ पासून पस्तीस वर्षं फुगे सोडले. सुरुवातीची बरीच वर्षं पायलट बलूनवर गेली: हायड्रोजनचा फुगा, थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण), दर मिनिटाला दिगंश (दिशेचा कोन) आणि उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन) वाचायचा, रात्री फुग्याखाली मेणबत्तीचा कंदील. फुगा ठरलेल्या वेगाने चढतो असं धरून उंची मानायची आणि कोनावरून वारा काढायचा. आता बघ. फुगा ३ किलोमीटरवर असताना उन्नतांश ३४ असेल तर त्याचं आडवं अंतर जवळजवळ ४,४५० मीटर. भिंगावर पावसाचा थेंब आला आणि मी ३५ वाचला, की अंतर ४,२८० होतं. मिनिटाला १६५ मीटरचा फरक, म्हणजे वाऱ्यात सेकंदाला पावणेतीन मीटरची चूक. एकदा एका किनारी केंद्रावर माझ्याकडून हेच घडलं. माझा वारा नकाशावर गेला आणि विश्लेषण करणाऱ्यांनी तिथे हवा जोरात वर चढतेय असं काढलं. दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. ते अजून मनात आहे.

आज तुझ्याकडे जीपीएसचे वारे आहेत, एवढी चूक होत नाही. तरी हिशोब करून बघ. तुझ्या त्रिकोणात प्रत्येक ठिकाणच्या वाऱ्यात पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण दोन्हीकडे फक्त १ मीटर प्रतिसेकंदाची चूक धर. त्रिकोणाच्या बाजू आणि क्षेत्रफळ घालून डायव्हर्जन्समधली चूक सेकंदाला दहा लाखांत ४ येते. आणि मोठ्या पट्ट्यातला खरा डायव्हर्जन्स असतो केवढा? दहा लाखांत ५ ते १०. ही चूक सगळ्या थरांत एकाच बाजूची असेल तर ८५० हेक्टोपास्कल गुणिले दहा लाखांत ४ म्हणजे ०.३४ पास्कल प्रतिसेकंद. तुझे ०.३६ आले. म्हणजे तू कुठे चुकीचं गणित केलेलं नाहीस. वाऱ्यातली एवढीशी चूक वर जाता जाता साठत गेली.

इथे तू विचारशील, जीपीएस असताना १ मीटरची चूक कुठून? उपकरणाची ती नव्हेच. सांताक्रूझचा एक फुगा म्हणजे सव्वाशे किलोमीटरपर्यंतचा सगळा वारा नव्हे. फुगा एखाद्या ढगाच्या कडेने गेला, खाडीवरून गेला, तिथला वारा त्याने आणला. तीन खुंट्या ठोकून सव्वा लाख चौरस किलोमीटरचं शेत मोजताना खुंट्यांमधली जमीन सरळ रेषेत आहे असं आपण धरतो. त्रिकोणाची ही रीत बेलामी यांनी १९४९ मध्ये मांडली. तिन्ही खुंट्या वाऱ्याबरोबर सरकल्या तर त्रिकोण फुगतो का आक्रसतो एवढंच ती विचारते. फार सुंदर रीत आहे, मी ती पाटीवर करत असे. पण खुंट्यांमध्ये काय आहे ते तिला दिसत नाही.

आणि तुझ्या खुंट्यांमध्ये सह्याद्री आहे! सांताक्रूझ समुद्रसपाटीला, हैदराबाद साडेपाचशे मीटरवर, नागपूर तीनशेवर. ९५० ते ९०० मधला सांताक्रूझचा पश्चिम वारा घाटमाथ्याच्या खालचा आहे. तो घाटाला अडतो, वर चढतो, वळतो. त्याला सरळ रेषेत नांदेडपर्यंत ओढलास तर जिथे डोंगर आहे तिथे तू वारा घेतलास. पंधरा किलोमीटरमध्ये ६०० मीटर चढण आणि १० मीटरचा वारा असेल तर हवा सेकंदाला ४० सेंटिमीटर चढते, पण ती कोकणाच्या कडेला, तुझ्या सोयाबीनवर नाही. मुंबई-पुणे छेदावर हा चढ आणि त्याने पडणारा पाऊस गणितात बसवण्याचं काम आर. पी. सरकार यांनी १९६६ मध्ये केलं आहे, ते जरूर बघ. तू ९०० पासून सुरुवात कर, आणि तळाला ओमेगा शून्य न धरता पठाराच्या उतारावरून वाहणाऱ्या वाऱ्याचा जो येतो तो धर.

आता दुरुस्ती. ट्रोपोपॉजच्या (ढगांच्या थराच्या वरच्या हद्दीच्या) आसपास एवढ्या मोठ्या पट्ट्यातली हवा आठवडाभर धावून वर जात नाही, म्हणून वरच्या टोकाला ओमेगा शून्य धरायचा आणि उरलेली चूक खालच्या थरांत वाटायची. सगळ्या थरांना सारखी वाटलीस तर ५०० ला जवळजवळ अर्धी कापली जाईल. ओब्रायन यांनी १९७० मध्ये वेगळं सुचवलं: वर वारा जोराचा, फुगाही लांब गेलेला, तिथे चूक जास्त, म्हणून वरच्या थरांनी जास्त सोसायची. तुझ्या १७ थरांत ५०० म्हणजे नववा थर. तिथे ९ गुणिले १० भागिले १७ गुणिले १८, म्हणजे ०.२९ एवढाच भाग कापायचा. −०.३१ मधून ०.३६ चे ०.२९ गेले की उरले −०.२०. सेकंदाला सव्वातीन सेंटिमीटर. ९०० पासून केलंस की थर बदलतील, पण रीत हीच.

हे −०.२० खरं आहे का? वाऱ्याला विचारून आता काही कळणार नाही, त्याची साक्ष झाली. दुसरा साक्षीदार म्हणजे तापमान. ५०० च्या आसपास हवा १०० मिलिबार चढली (म्हणजे हेक्टोपास्कलच, आमच्या तोंडात मिलिबार बसलाय) तर भोवतालापेक्षा ५ ते ६ अंशांनी थंड पडते. ०.२० पास्कल प्रतिसेकंद म्हणजे दिवसाला सुमारे १७० मिलिबार. म्हणजे दिवसाला नऊ-दहा अंश थंडी पडायला हवी. तुझ्या तिन्ही ठिकाणचं ५०० चं तापमान आठवडाभरात अंश-दीड अंशाच्या वर हललं का? नाही हललं. मग ती सगळी थंडी कोणी भरून काढली? वाफेचं पाणी होताना निघालेल्या उष्णतेने. आणि तो तिसरा साक्षीदार जमिनीवर पत्र्याच्या नळकांड्यात साठलेला असतो. दिवसाला १ मिलिमीटर पाऊस सगळ्या उभ्या स्तंभाला साधारण पाव अंश तापवतो. वर-खाली कमी-जास्त धरून स्तंभाची सरासरी सहा अंश घेतलीस तर त्रिकोणभर दिवसाला वीस-पंचवीस मिलिमीटर पाऊस पडलेला असला पाहिजे. दुरुस्ती न करता हाच हिशोब केलास तर पन्नासच्या पुढे जाईल. जिल्ह्याजिल्ह्यांच्या पर्जन्यमापकांची बेरीज कर आणि इथे येऊन सांग.

फुग्याच्या चढण्याच्या वेगाबद्दल: फुगा सेकंदाला ५ मीटर चढतो. तुला हवेत ३ सेंटिमीटर. गॅस थोडा कमी भरला, फुगा ओला झाला, रबर एका बाजूला पातळ निघालं, तरी त्याच्या वेगात अर्ध्या मीटरचा फरक सहज पडतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला जी गाठ पडते, तेवढाच त्या दोन आकड्यांचा संबंध. गडगडाटी ढगात किंवा डोंगराच्या लाटेत हवा मीटरामीटरने उठते, तिथे मात्र फुग्याच्या वेगात ती दिसते.

सह्याद्री_१२, ERA5 जरूर घ्यावा. पण ही मुलगी जे शिकतेय ते त्यात आयतं मिळत नाही, म्हणून हाताने करू दे.

हॅम्बुर्गची_पुणेकर:

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी थोडी भर घालते. ERA5 मधला ओमेगा कोणी मोजलेला नसतो. फुगे, उपग्रह, विमानं यांच्या नोंदी मॉडेलमध्ये घालतात आणि मॉडेल स्वतःच्या समीकरणांतून उभी गती काढतं. जिथे नोंदी विरळ आणि पाऊस ढगांमधून पडतो, तिथे त्या आकड्यात मॉडेलने ढग कसे मानलेत याचा मोठा हात असतो. म्हणून तुलना कर, पण ERA5 ला बरोबर उत्तर समजून स्वतःचं खोडू नकोस. आणि एका तासाचा, एका चौकटीचा आकडा कधीच घेऊ नकोस. तो दर तासाला खाली-वर उड्या मारतो.

काकांनी म्हटलेल्या खुंट्यांच्या अडचणीवर गेल्या काही वर्षांत खरंच उपाय निघालाय. बार्बाडोसच्या पूर्वेला अटलांटिकवर हालो नावाचं जर्मन संशोधन विमान सुमारे २०० किलोमीटर व्यासाचं वर्तुळ तासाभरात फिरतं आणि वाटेत डझनभर ड्रॉपसाँड (पडता पडता वारा मोजणारी उपकरणं) खाली सोडतं. तीनच्या जागी बारा खुंट्या, त्याही कडेवर सारख्या अंतराने. ऑगस्ट २०१६ मध्ये एक वर्तुळ एका दिशेने आणि लगेच दुसरं उलट दिशेने फिरून पाहिलं. दोन्हीचा ओमेगा एकमेकांना धरून आला, आणि बोनी व स्टीव्हन्स यांनी २०१९ मध्ये ते छापलं. मग २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत युरेका मोहिमेत अशी कितीतरी वर्तुळं फिरली. मी तो डेटा वापरते. पहिल्यांदा दोन वर्तुळांच्या रेषा एकमेकींवर बसलेल्या पाहिल्या तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. सत्तर वर्षं लोक म्हणत होते की वाऱ्यावरून उभी गती काढणं भरवशाचं नाही, आणि ते खोटंही नव्हतं. खुंट्या कमी पडत होत्या.

गणिताने हवामानाचा अंदाज काढू बघणाऱ्या रिचर्डसनची गोष्ट माहीत असेलच. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवता चालवता त्यांनी २० मे १९१० चा जर्मनीचा अंदाज हाताने काढला. सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कल वाढेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात तो जवळपास जिथे होता तिथेच राहिला. मूळ वाऱ्यांत जो खोटा डायव्हर्जन्स होता तो तिथे साठला. तुझ्या −०.३६ चं आणि त्या १४५ चं कूळ एकच आहे. त्यांनी १९२२ च्या पुस्तकात ते उत्तर लपवलं नाही, जसंच्या तसं छापलं. तूही छाप.

कोणीतरी तुला ओमेगा समीकरण वापर म्हणेल, ज्यात डायव्हर्जन्स लागतच नाही, दाबाच्या आणि तापमानाच्या नकाशांवरून काम होतं. इकडे युरोपात ते उत्तम चालतं. तुमच्या १८ अंश अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम ५० अंशांच्या तुलनेत चाळीस टक्केच उरतो आणि पावसाची उष्णता सगळ्यावर मात करते. तरी बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांना राव आणि राजमणी यांनी १९७० मध्ये ते लावलं होतं. केंद्राच्या पश्चिमेला हवा का चढते हे त्यातून समजतं. आकड्यांसाठी वापरू नकोस, समजण्यासाठी वापर.

कुर्ल्याचा_मी:

मी शास्त्रातला नाही, पण वाचत बसलो. २६ जुलै २००५ ला मी कलिन्यात गळ्याएवढ्या पाण्यातून चाललोय. त्या दिवशी तुमचा हा ओमेगा काय होता? आधी कळलं असतं का?

निवृत्त_निरीक्षक:

कुर्लेकर, त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३. दोन्हींत वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर. माझा हिशोब साधा आहे: जमिनीजवळच्या किलोभर हवेत १८ ग्रॅम वाफ धरली तर ९४४ मिलिमीटरसाठी दिवसभर सरासरी अर्धा ते पाऊण मीटर प्रतिसेकंद हवा वर जायला हवी. आणि पाऊस तर बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत पडला, म्हणजे तेव्हा त्याच्या कितीतरी पट. ही मुलगी ज्या सेंटिमीटरांबद्दल विचारतेय ते शेकडो किलोमीटरच्या सरासरीचे आहेत. त्यात सांताक्रूझ आणि कुलाबा एकाच आकड्यात विरघळून जातात. मोठ्या पट्ट्यात हवा चढतेय एवढं दिसलं असतं. कुर्ल्याला नाव घेऊन सावध करणं त्यातून झालं नसतं. तुम्ही त्या पाण्यातून बाहेर आलात हे वाचून बरं वाटलं.

वाऱ्याची_वही:

काका, ताई, तीन दिवस यातच होते. ९०० पासून केलं, तळाला उताराचा ओमेगा घातला. वरच्या टोकाला आता −०.२४ च उरतो, म्हणजे चुकीचा तिसरा हिस्सा सांताक्रूझच्या खालच्या वाऱ्याचा होता! दुरुस्तीनंतर ५०० ला −०.१८. ERA5 ची त्रिकोणावरची आठवड्याची सरासरी −०.१४. पर्जन्यमापकांची बेरीज करायला सगळ्यात जास्त वेळ लागला, दिवसाला वीसच्या जरा खाली येते. तिन्ही एका पंगतीत बसले. मार्गदर्शकांना दाखवलं, ते म्हणाले −०.३६ वाली आकृतीही प्रबंधात ठेव.

मग उत्साहाने कोरडा आठवडा घेतला, वडिलांचा प्रश्न तोच आहे. तिथे सगळं फिसकटलं. एका वेळी +०.१०, बारा तासांनी −०.०६. ढग नाही, पाऊस नाही, आणि हवा वर?

निवृत्त_निरीक्षक:

फिसकटणारच. कोरड्या दिवसांत वाऱ्याला विचारूच नकोस. निरभ्र हवा उष्णता आकाशात सोडून दिवसाला दीडेक अंश थंड होते. तापमान तर तसंच राहतं, म्हणजे तेवढी ऊब तिला खाली उतरूनच मिळते. दीड अंश भागिले दर १०० मिलिबारला ५ अंश, म्हणजे दिवसाला ३० मिलिबार. पास्कलमध्ये सेकंदाला ०.०३५. सेंटिमीटरमध्ये अर्धा. तुझ्या त्रिकोणाची चूक सगळ्या थरांत विखुरलेली, दुरुस्ती केलेली धरली तरी याच्याहून मोठी आहे. तराजू धान्याचा आणि वजन करायचंय सोन्याचं.

त्या आठवड्यासाठी फक्त तापमान घे. ७०० आणि ५०० ला रोज किती अंश बदललं ते लिही, पश्चिमेकडून आलेल्या कोरड्या गरम हवेचा वाटा वाऱ्यावरून काढून वजा कर, उरलेल्यात दीड अंशाची थंडी मिळव, आणि थरांच्या स्थिरतेने (दर १०० मिलिबारला किती अंश, त्याने) भाग. ढग होते त्या वेळा वगळ, तिथे हा हिशोब लागू नाही. सात दिवसांची सरासरी घे. पाऊस नसल्यामुळे इथे तापमानाचा साक्षीदार एकटाच पुरतो, वाफेची उष्णता त्याला गोंधळात टाकत नाही.

आणि वडिलांना सांग की त्या दिवसांत डोक्यावरची हवा दिवसाला साडेचारशे मीटर खाली बसत असते, उदगीरच्या किल्ल्याच्या तटावर उभं राहून कळणार नाही इतकी हळू. खालचे ढग चढू बघतात आणि त्या बसत्या, कोरड्या हवेत शिरून विरतात. हिशोब झाला की ७०० चा आकडा आधी टाक, मला तोच बघायचाय.